अर्थ लावण्याचा अधिकार कोणाचा?

२८ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘शेवरॉन’ खटल्यातील आपलाच चाळीस वर्षांचा दंडक मोडीत काढला. कायद्यातील शब्द संदिग्ध असेल, तर अंमलबजावणी करणाऱ्या सरकारी यंत्रणेने लावलेला वाजवी अर्थ न्यायालयांनी मान्य करावा, असा तो दंडक होता. आता अर्थ न्यायाधीशच ठरवणार. फिर्यादी होते हेरिंग मासे पकडणारे बोटमालक. बोटीवरील निरीक्षकाचा पगार आपल्या माथी का, एवढीच त्यांची तक्रार. त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या संस्थांचा रोख मात्र मासळीवर नव्हता.

तरीही शेवरॉनच्या नावाने गळा काढण्याचे कारण नाही. १९८४ चा तो निकाल रेगन सरकारच्या बाजूने लागला होता. संपूर्ण कारखाना हा प्रदूषणाचा एकच स्रोत मानावा, या अर्थाला न्यायालयाने मान्यता दिली आणि पर्यावरणवादी हरले. नोकरशाहीपुढे मान तुकवणारे न्यायालय हे काही जनतेचे कवच नव्हे.

पण मग कवच कोणते? याचे उत्तर शोधताना बेन्झीनच्या खटल्याचा विसर पडू नये. बेन्झीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो. १९७० च्या कायद्याने कामगारांच्या सुरक्षेसाठी स्थापन झालेल्या यंत्रणेने १९७८ साली कारखान्याच्या हवेतील बेन्झीनची मर्यादा दहा लक्ष भागांत १० वरून १ वर आणली. तेल कंपन्या न्यायालयात गेल्या. १९८० साली पाच विरुद्ध चार मतांनी नियम रद्द झाला. धोका लक्षणीय असल्याचे यंत्रणेने आधी सिद्ध केले नाही, हे प्रमुख कारण. नवा नियम यायला १९८७ उजाडले, आणि मर्यादा तीच ठरली : १! मधली सात वर्षे कामगारांनी जुन्या मर्यादेतील हवा कायदेशीरपणे छातीत भरून घेतली. या विलंबाचा हिशेब कोणत्याही निकालपत्रात सापडत नाही.

त्याच खटल्यात न्या. रेनक्विस्ट यांनी वेगळेच मत नोंदवले : इतके व्यापक अधिकार यंत्रणेला सोपवणेच घटनाबाह्य, कठीण निर्णय काँग्रेसने, म्हणजे तिथल्या विधिमंडळाने, स्वतः घ्यावेत. ऐकायला हे लोकशाहीचेच बोल वाटतात. परंतु कोणत्या रसायनाचे किती कण चालतील, हे विधिमंडळ कलमाकलमाने ठरवू शकत नाही, आणि हे मालकवर्गाला पुरते ठाऊक आहे. अधिकार काढून घेतला की तो विधिमंडळाकडे परतत नाही. आजन्म नेमलेल्या न्यायाधीशांच्या हाती जातो. २०२२ साली कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांच्या खटल्यात हेच घडले. प्रश्न ‘मोठा’ असल्यास काँग्रेसची सुस्पष्ट संमती हवी, असे सांगण्यात आले. मोठा कोणता, हे ठरवणार न्यायालयच.

रेनक्विस्ट १९८० साली त्या मतात एकटे होते. जून २०२५ मध्ये गरिबांना व ग्रामीण भागाला दूरध्वनी पुरवणारा निधी याच मुद्द्यावर न्यायालयापुढे आला. निधी वाचला, सहा विरुद्ध तीन मतांनी.