"एमपीएससी आहेच की!"

"यूपीएससी करतोय. नाहीच झालं तर एमपीएससी आहेच की!" हे वाक्य मी लग्नात ऐकलंय, मुंजीत ऐकलंय, एकदा तर चक्क दहाव्याच्या पंगतीत ऐकलंय. आमच्या नात्यात सध्या तीन मुलं पुण्यात राहून अभ्यास करतायत आणि तिघांच्याही घरी हेच ऐकू येतं. त्यातलं ते "आहेच की" मला फार खटकतं. या दुकानात दूध संपलं तर कोपऱ्यावर मिळेल, असा सूर असतो त्याचा.

आता हल्ली या म्हणण्याला जरा आधार मिळालाय, हे खरं. 2012 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षाही बहुपर्यायी होती. 2022 मध्ये आयोगाने ती यूपीएससीच्या धर्तीवर वर्णनात्मक करायचं ठरवलं. 2023 च्या सुरुवातीला पुण्यात मुलं रस्त्यावर बसली तेव्हा तो बदल पुढे ढकलला गेला आणि 2025 च्या राज्यसेवेपासून लागू झाला. निबंध, सामान्य अध्ययनाचे चार पेपर, वैकल्पिक विषयाचे दोन, लेखी 1750 गुण, मुलाखत 275... आकडेसुद्धा यूपीएससीचेच! मग क्लासवाले "एकच अभ्यास, दोन परीक्षा" असे फलक लावणारच. त्यांचा धंदा आहे तो.

पण साधं पंचायत राज घ्या. यूपीएससीवाला बलवंतराय मेहता समिती (1957) वाचतो, 73 वी घटनादुरुस्ती वाचतो आणि पान उलटतो. राज्यसेवेला तेवढ्यावर भागत नाही. तिथे वसंतराव नाईक समिती लागते, तिच्यातून आलेला 1961 चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम लागतो, मग बोंगिरवार, मग पी. बी. पाटील. आणि ही नुसती नावांची जंत्री नाही बरं का. मेहता समितीचा भर पंचायत समितीवर होता, नाईक समितीने वजन जिल्हा परिषदेच्या पारड्यात टाकलं. आपल्याकडे जिल्हा परिषदेचा अध्यक्ष एवढा महत्त्वाचा माणूस का असतो, याचं उत्तर बरंचसं त्यात आहे. तीच गोष्ट रोजगार हमीची. देशाने 2005 साली कायदा केला, आपण 1977 साली, 1972 च्या दुष्काळाच्या अनुभवातून. 1875 चे दख्खनचे दंगे सुप्यात सुरू झाले, हे बारामतीकडच्या पोराला तरी ठाऊक असावं ना? हे सगळं "महाराष्ट्र स्पेशल" नावाच्या पुस्तिकेतून शेवटच्या महिन्यात घोकायचं प्रकरण नाही. उलट ते आधी नीट वाचलं तर यूपीएससीच्या उत्तरात दाखला म्हणून वापरता येतं. म्हणजे अभ्यास वरून खाली झिरपतो असं सगळे समजतात, माझ्या मते तो खालून वर जास्त चांगला जातो.

भाषेचंही तसंच. मुख्य परीक्षा दोन्हीकडे मराठीतून लिहिता येते, पण यूपीएससीची पूर्वपरीक्षा हिंदी नाहीतर इंग्रजी. चुकीच्या उत्तराला तिथे एक तृतीयांश गुण कापतात, इथे एक चतुर्थांश. किती प्रश्न अंदाजाने ठोकायचे आणि किती सोडायचे, हा हिशोब दोन्हीकडे वेगळा करावा लागतो.

वेळापत्रकाचं तर बोलायलाच नको. यूपीएससी वर्षभराच्या तारखा आधी जाहीर करते आणि कोविडसारखं काही आलं नाही तर सहसा पाळते. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा 2024 मध्ये ऑगस्टमधून डिसेंबरला गेली, कारण बँकेची परीक्षा त्याच दिवशी आली होती. 2025 मध्ये पुरामुळे सप्टेंबरची नोव्हेंबरला गेली. पुराला इलाज नाही, पण खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे काही थांबत नाहीत.

हे सगळं एक वेळ निभावून नेता येतं. खरी भीती वेगळीच आहे. खुल्या गटात यूपीएससीला सहा प्रयत्न आणि बत्तीस वर्षं. तिथे दार लागतं. एमपीएससीला अडतीस. मधली ही सहा वर्षं फार वाईट. एकविसाव्या वर्षी पुण्याला गेलेला मुलगा तिशी ओलांडतो आणि मग "आहेच की" म्हणत दुसऱ्या दाराशी येतो. तिथे पहिल्या दिवसापासून राज्यसेवाच करणारी पोरं आधीच उभी असतात, त्यांचं नाईक, बोंगिरवार सगळं तयार. हा मात्र थकलेला, आणि वर थोडा अपमान झाल्यासारखा.

तो अपमान आपणच शिकवलेला असतो, नातेवाईक मंडळींनी. तहसीलदार म्हणजे कलेक्टर न झालेला माणूस, असं आपण बोलतो. गारपीट झाली की पंचनाम्यासाठी आपण कोणाकडे धावतो? जातीच्या दाखल्यासाठी, रस्त्याच्या वादासाठी कोणाच्या दारात बसतो? आणि ज्यांना आयएएसचाच सोस आहे त्यांच्यासाठी म्हणून सांगतो, राज्यातल्या उपजिल्हाधिकाऱ्यांतूनही बढतीने आयएएस होतात. पण असो, त्यासाठी राज्यसेवा द्यावी असं माझं म्हणणं नाही.

दोन्ही परीक्षा द्याव्यात, जरूर द्याव्यात. फक्त राज्याचा अभ्यास पहिल्या वर्षापासून करावा, आणि कुठल्या वर्षी थांबायचं ते वैकल्पिक विषय ठरवायच्या आधी ठरवावं. तेही घरात सगळ्यांसमोर, म्हणजे नंतर "अजून एक चान्स घे" असं म्हणायला कोणाला तोंड राहणार नाही.

आमच्या तिघांपैकी धाकटीने असं वर्ष ठरवलंय, 2028. वडिलांना तसं सांगितलंही. ते "बघू" म्हणाले. तिने कॅलेंडर नाही, पण स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या कपाटाच्या दाराला आतून ते वर्ष लिहून चिकटवलंय. आईने अजून काढलेलं नाही.