सहा चमच्यांची वाटणी

मरहूम अब्बा जहाजावर नोकरीला होते. त्यांच्या ट्रंकेत मखमली डबीत सहा छोटे चमचे निघाले. चांदीचे, वर सोन्याचा मुलामा, दांडीवर मीनाकारी. प्रत्येकाचा रंग वेगळा. मागे तराजूची खूण आणि ‘९२५ एस’. तराजू ही नॉर्वेतल्या डेव्हिड-अँडरसन या १८७६ पासूनच्या पेढीची खूण. ९२५ म्हणजे हजारात तेवढे भाग चांदी. चांदीच्या भांड्यांत खाण्यापिण्याची मनाई, म्हणून अब्बांनी ते कधी वापरले नाहीत.

आपा चिंच घेऊन घासायला बसल्याच होत्या! आम्ही थांबवले. चांदीवर बारीक नक्षी कोरून तिच्यावर रंगीत काचेची पूड भट्टीत वितळवतात, काचेतून नक्षी झळकते. टवका उडाला की तो पूर्ववत होणे फार कठीण, आणि घासण्याने मुलामाही जातो. मऊ कापड पुरे.

अम्मी आधीच गेलेल्या. अब्बांचे देणे फेडून झाले होते. वारस आम्ही दोन भाऊ, दोन बहिणी. शरीअतच्या हिशेबाने दोन, दोन, एक, एक. बेरीज बरोबर सहा! भाईंनी चमचे मांडलेसुद्धा. पण संच फोडला की संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत उतरते. हिस्सा कुणाचा बुडवायचा नाही, मात्र तो पैशांतही देता येतो. जाणकाराकडून अख्ख्या संचाची किंमत काढवली, सहा भाग केले. संच धाकटीला हवा होता. आम्हा तिघांचे पाच भाग ती हप्त्यांनी देते आहे. दोन हप्ते राहिलेत. तोवर डबी आपांच्या कपाटात.