पूल वर्षाच्या आत झाला, मग रस्ता का नाही?

आमच्या कोकणी घरांत परदेशी जाणाऱ्याचा प्रवास विमानतळावर नाही, मुंबई-गोवा महामार्गावर सुरू होतो. पूर्वी मुंबई गाठायला बोट होती. पुढे हाच रस्ता आधार झाला. पनवेलहून महाड, चिपळूण, कणकवली, गोवा, मंगळूर, कोची करत तो थेट कन्याकुमारीला जातो. त्याचा क्रमांक आधी १७ होता, आता ६६ आहे.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. दोन एसटी गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. त्यानंतर नवा पूल वर्षाच्या आत उभा राहिला. म्हणजे मनावर घेतले तर काम होते! मग २०११ च्या सुमारास सुरू झालेले रुंदीकरण दशक उलटूनही अपुरे का राहिले? माणसे वाहून गेल्यावरच जाग यावी का?

मी गावी निघालो की अम्मी दुआ करते. दुआ हवीच. पण दोस्तांनो, सोबत माहिती अधिकाराचा अर्जही हवा. आपल्या तालुक्यातल्या टप्प्याची मुदत, खर्च आणि कंत्राटदार कोण, हे लेखी विचारा. गणपतीला येणारा चाकरमानी आणि ईदला येणारा आपला भाऊ एकाच खड्ड्यात आदळतात. अर्जावर दोघांच्याही सह्या असू द्या.