अप्रमाद आणि महाविद्यालयीन प्रकल्प

आपल्या वसतिगृहात वंदना, अभ्यासिका आणि भोजन यांची वेळ ठरलेली असते. येथून महाविद्यालयात गेलेल्या विद्यार्थ्याला प्रथमच घंटेविना जगावे लागते. प्रकल्पाचा विषय पावसाळ्यात मिळतो, अहवाल उन्हाळ्याच्या तोंडावर मागितला जातो. मधले सारे महिने त्याच्याच स्वाधीन असतात. येथेच ‘उद्या करू’ ही वृत्ती शिरते.

समजा, एखाद्याने पंचगंगेच्या पाण्याचा अभ्यास हा विषय निवडला. पुरातले गढूळ पाणी, हिवाळ्यातले संथ पाणी आणि उन्हाळ्यातले आटलेले पाणी यांचे नमुने त्या त्या ऋतूतच घ्यावे लागतात. जुलैचे काम फेब्रुवारीवर ढकलले, तर रात्रभर जागूनही वाहून गेलेले पाणी परत येत नाही. मग आकडे दुसऱ्याच्या वहीतून उतरवले जातात. गुण कमी पडले, तर ते पुढे भरून काढता येतात. परंतु आळसाने सुरू झालेली ही वाट असत्यापाशी पोहोचते आणि पंचशीलातील चौथे शील भंगते. चालढकलीचा हा परिणाम मला सर्वांत गंभीर वाटतो.

दुसरी हानी म्हणजे चूक सुधारण्याची संधी गमावणे. स्वतःची बचत, मित्राचे कर्ज आणि राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य यांच्या बळावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२० साली अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध १९२२ मध्ये सादर झाला, तेव्हा परीक्षकांनी तो सुधारून लिहिण्यास सांगितले. बाबासाहेबांनी मुंबईत बसून फेरलेखन केले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. पदवी मिळवली. एवढ्या विद्वानालाही दुरुस्तीसाठी अवधी लागला. अखेरच्या रात्री अहवाल बांधणारा विद्यार्थी मात्र मार्गदर्शकाला ‘येथे चूक आहे’ असे सांगण्याची सवडच ठेवत नाही.

काहींना शिक्षणासाठी दुकानात वा शेतात राबावे लागते. त्यांचा विलंब ही चालढकल नव्हे. शिक्षकांनी तो भेद ओळखला पाहिजे. परंतु ज्याच्या हाती वेळ आहे, त्याने तो कोणाच्या कष्टांतून आला, हे आठवावे.

तथागतांनी महापरिनिर्वाणापूर्वी भिक्षूंना अखेरचा उपदेश केला तो अप्रमादाचा. विद्यार्थ्यासाठी त्याचा अर्थ अगदी साधा आहे: विषय मिळाला, त्याच आठवड्यात नदीवर जावे आणि पहिली नोंद स्वतःच्या हाताने करावी.