एकच डोंगर, चार वेळा

जूनचा पहिला पाऊस पडला की ऑफिसच्या प्रत्येक ग्रुपवर एकच मेसेज फिरतो : या वीकेण्डला ट्रेक? आणि मग रविवारी सकाळी अर्धी मुंबई आणि उरलेलं पुणं कळसूबाईच्या शिडीखाली रांगेत! राज्यातलं सर्वात उंच टोक, १६४६ मीटर. पण फील विरार लोकलचा.

बॉस, हा डोंगर उरलेले आठ महिनेही तिथेच असतो!

सप्टेंबर संपता संपता जा. पाऊस दमलेला असतो आणि उतारांवर सोनकीचा पिवळा गालिचा. नशीब जोरावर असेल तर कारवीही भेटेल. ती फुलते सात वर्षांतून एकदा. आपल्या अप्रेझलपेक्षा स्लो!

डिसेंबरात स्वेटर घेऊन जा. हवा स्वच्छ, वरून अलंग-मदन-कुलंग आणि भंडारदऱ्याचं पाणी एका नजरेत.

मार्चमध्ये गवत वाळतं आणि डोंगराचा एक्स-रे दिसतो. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हा आला, थरावर थर पसरत गेला. पुढे ऊन-पावसानं मऊ थर लवकर झिजले, कठीण थरांचे कडे उभे राहिले. म्हणून सह्याद्री पायऱ्या-पायऱ्यांचा दिसतो. 'डेक्कन ट्रॅप'मधला ट्रॅपही मूळ स्वीडिश, अर्थ जिना.

मेमध्ये मात्र पहाटे चारला चढायला लागा, दहाच्या आत खाली या. वाटेत करवंदं फ्री. महिनाअखेरीस मुक्काम केलात तर रात्री झाडांवर काजवे. फक्त टॉर्च आणि फ्लॅश बंद ठेवा. त्यांचं ते लुकलुकणं म्हणजे जोडीदाराला दिलेला सिग्नल असतो, आपण मध्ये कशाला?

आणि पावसाळा? जरूर जा, पण शनिवार-रविवार सोडून. शेवाळलेल्या कातळावर महागडे बूटही घसरतात. ओल्या शिडीवर वरचे उतरू शकत नाहीत, खालचे थांबू शकत नाहीत, त्यात वारा. अशा वेळी टोक राहिलं तरी चालेल, मागे फिरा. फोटो पुढच्या वेळी.

अजून एक. पायथ्याच्या बारी गावात पिठलं-भाकरी सांगूनच वर चढा. जुलैत तिथे गिऱ्हाइकांना तोटा नसतो. जानेवारीत तुम्ही चौघं गेलात, तर त्या घरालाही बरं वाटेल.

कॅलेण्डर काढा. चार तारखांवर खूण करा. सुट्टीचा अर्ज आजच टाका.