शिट्टीआधीचा क्षण

बीडसारख्या कुस्ती-कबड्डीच्या जिल्ह्यात फुटबॉल प्रामुख्याने पडद्यावर पाहिला जातो; कोल्हापुरात मात्र तालमींच्या संघांसाठी राजर्षी शाहू स्टेडियम गजबजते. ऑफसाइडची शिट्टी वाजताच पंचाचा उद्धार करण्यात दोहोंकडचे प्रेक्षक सारखेच तत्पर! वस्तुतः सहकाऱ्याने चेंडू मारला त्या क्षणी आघाडीचा खेळाडू कोठे होता, हे पंच पाहतो; प्रेक्षक पाहतो तो चेंडू त्याच्यापाशी पोहोचल्यावर. दरम्यान तो कित्येक पावले धावलेला असतो. १९९० पासून उपान्त्य प्रतिस्पर्ध्याच्या रेषेत असणेही निर्दोष ठरले, हेही पुष्कळांस ठाऊक नसते. २०२२ च्या विश्वचषकात या निर्णयांसाठी कॅमेऱ्यांचे साह्य होते. आपल्या पंचांपाशी केवळ डोळे. ते चुकणारच. शालेय स्पर्धांच्या उद्घाटनात पाहुण्यांच्या भाषणातील दहा मिनिटे कापून पंचांनी हा नियम मैदानावर करून दाखवावयास काय हरकत आहे?