पन्नास संभाव्य प्रश्न

परवाचा शनिवार. आठवडाभर बदलापूर लोकलला लटकून झाल्यावर माणूस शनिवारी उशिरा उठतो, हा त्याचा घटनादत्त हक्क आहे. पण नऊ वाजता मामा दारात. सोबत त्याची धाकटी आणि स्पायरल बाइंडिंग केलेली एक जाडजूड फाइल. "तू कॅम्पसचे एवढे इंटरव्ह्यू दिलेस ना, हिची जरा तयारी करून घे."

तर झालं असं की धाकटीला पुण्याच्या एएफएमसीचं बोलावणं येईल असे मार्क पडलेत. एरवी आपल्याकडे डॉक्टर व्हायला तोंड उघडावं लागत नाही. नीटचे १८० प्रश्न, ७२० मार्क, गोळे काळे करा आणि सुटा. पूर्वी सेवाग्रामला प्रवेशपरीक्षेत गांधीविचारांचा पेपर असायचा, तो नीट आल्यावर गेला. वेल्लोरचं सीएमसी मुलाखती घेऊन पोरं पारखायचं. नीटच्या वादात त्यांनी २०१७ साली एमबीबीएसच्या १०० पैकी एकच जागा भरली होती! २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने नीट सगळ्यांनाच लागू असं सांगितल्यावर तोही विषय संपला. एएफएमसीत मात्र नीटनंतर इंग्रजी आणि तर्काची परीक्षा होते आणि मग मुलाखत. तिथे आरोग्य धोरणावर विचारतात म्हणे. म्हणून ही फाइल. एका क्लासने छापलेली, नाव ‘५० संभाव्य प्रश्न’, किंमत विचारू नका.

मी फाइल उघडली आणि अर्ध्या तासात डोकं फिरलं.

प्रश्न सातवा: देशात डॉक्टर पुरेसे आहेत का? उत्तर: होय, प्रमाण ८३४ माणसांमागे एक, म्हणजे हजारामागे एक या निकषापेक्षा चांगलं. प्रश्न बारावा: ग्रामीण आरोग्यातली मुख्य अडचण कोणती? उत्तर: डॉक्टरांची तीव्र टंचाई. दोन्ही उत्तरं धाकटीला तोंडपाठ. मी विचारलं, बाई गं, यातलं खरं काय? ती म्हणाली, "दादा, ज्याचा प्रश्न येईल ते."

आता हा ८३४ चा आकडा सरकारने संसदेत दिलेला आहे, खोटा नाही. पण तो काढताना नोंदणी झालेल्या ॲलोपॅथीच्या डॉक्टरांपैकी ८० टक्के प्रत्यक्ष काम करतात असं धरलंय, आणि त्यात आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरेंचे ५.६५ लाख डॉक्टर मिळवलेत. मिळवावेत की नाही यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. हाच तर धोरणाचा प्रश्न! फाइलीत त्याचा पत्ता नाही. आम्ही कॅम्पसला "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता" याचं उत्तर घोकायचो, तसलाच प्रकार. फरक एवढाच की माझ्या घोकंपट्टीने फार तर एखादं सॉफ्टवेअर बिघडतं.

मग मी फाइल मिटली आणि तिला आमच्याकडच्या एका सरकारी हॉस्पिटलात घेऊन गेलो. मुलाखत घ्यायला नाही, नुसतं ओपीडीच्या रांगेजवळ बसायला. दीड तास बसलो. एक काका मधुमेहाच्या गोळ्या घ्यायला आलेले. दोनपैकी एक गोळी खिडकीवर मिळाली, दुसरी संपलेली, ती समोरच्या मेडिकलमधून. धाकटीने आपणहून विचारलं, काका, तुमच्याकडे पाच लाखांचं कार्ड नाही का? काकांनी खिशातून काढून दाखवलं. आहे की!

परत येताना रिक्षात ती गप्प. मग म्हणाली, "दादा, कार्ड असून गोळी विकत का?"

हा झाला एक्कावन्नावा प्रश्न. आयुष्मान भारत २०१८ ची. आपली महात्मा फुले योजना २०१२ ला राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, २०१७ ला नाव बदललं, आणि जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्यांना लागू झाली. या तारखा फाइलीत बिनचूक आहेत. पण या योजना मुख्यतः हॉस्पिटलातल्या उपचारांच्या. ओपीडीतून रोज घ्यायच्या गोळ्या त्यात बसत नाहीत, आणि गरिबाचा खिसा महिन्याच्या महिन्याला तिथेच फाटतो. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे देशातल्या एकूण आरोग्यखर्चातले ३९.४ टक्के लोक स्वतःच्या खिशातून भरत होते. आठ वर्षांपूर्वी ६४.२ होते, म्हणजे सुधारणा झालीय, हेही बोर्डासमोर सांगितलं पाहिजे. २०१७ च्या धोरणाने २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्के सरकारी खर्चाचं आश्वासन दिलं होतं, आणि २०२१-२२ ला आपण १.८४ वर होतो, हेही.

मामाचं म्हणणं, "लष्कराच्या लोकांसमोर सरकारवर टीका नको रे बाबा." मामा, समोर बसलेल्यांना रसद वेळेवर न पोचणं म्हणजे काय हे तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. आकडा सांगणं ही टीका नव्हे.

बरं, प्रश्न शोधायला दिल्लीलाही जायला नको. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या हॉस्पिटलात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. तेव्हा ठाण्याच्या सिव्हिलचं बांधकाम चाललेलं आणि अंबरनाथ-बदलापूर-उल्हासनगरचा गंभीर पेशंट कळव्याला पाठवायची रीत. हॉस्पिटल ठाणे महापालिकेचं, पेशंट निम्म्या जिल्ह्याचे. मग खाटांचे पैसे कोणी द्यायचे? द्या उत्तर. त्याच महिन्यात, १५ ऑगस्टपासून, राज्याने सार्वजनिक आरोग्य विभागाच्या हॉस्पिटलांत उपचार मोफत केले. वैद्यकीय शिक्षण विभागाची हॉस्पिटलं त्या निर्णयात नव्हती. आणि ९ ऑक्टोबर २०२४ ला उद्घाटन झालेल्या राज्यातल्या दहा सरकारी मेडिकल कॉलेजांत आपलं अंबरनाथ आहे! कॉलेज आलं याचा आनंद मलाही झाला. पण कॉलेजसाठी एखादं हॉस्पिटल एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेलं, तर त्याच पेशंटला त्याच केसपेपरचे पैसे पडावेत का? फाइलीतले पन्नासच्या पन्नास प्रश्न चाळले. हा नाही.

म्हणून उद्या सगळ्या कॉलेजांत मुलाखती सुरू करा असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे मुलाखतीचे मार्क म्हटलं की वशिला आधी रांगेत उभा राहतो. माझा राग क्लासवाल्यांवर आहे. एकुलत्या एका ठिकाणी अठरा वर्षांच्या पोरीला "तुला काय वाटतं" असं विचारणार, तर तिथेही तिने काय वाटून घ्यायचं ते यांनी छापून ठेवलंय.

धाकटीने काल फोन केला होता. उत्तर क्रमांक सात तिने खोडून पुन्हा लिहिलंय, आयुषवाल्या डॉक्टरांसकट. मामा माझ्यावर भडकलाय, फाइलीचे पैसे फुकट गेले म्हणून. येत्या शनिवारी मामीने जेवायला बोलावलंय, बघू.